खाडीपार सोडलेला काशीनाथ

आमच्या आळीत कोणाच्या घरी मांजर डोईजड झालं की त्याला पोत्यात घालून तोंड बांधायचं आणि जनूकाकांना हाक मारायची, असा रिवाज होता. तो कोणी सुरू केला माहीत नाही. मी लग्न होऊन केळव्यात आले तेव्हा चालूच होता. मांजर मारायचं नाही, मारलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर दान करावं लागतं, हे आमच्याकडे सगळेच मानतात. सोनं परवडणार कोणाला? म्हणून मग खाडीपलीकडे सोडून यायचं, आणि ते काम जनूकाकांचं.

काकांची वाडी आमच्या वाडीला लागून, मधे मेंदीचं कुंपण. नारळ, सुपारी, थोडी पानवेल. माणूस काटकुळा, पंचाहत्तरीचा, एका कानाने बहिरा. तो कान नेमका कोणता हे समोर कोण बोलतंय त्यावर ठरायचं. घरात आणि वाडीत वर्षभर बनियन आणि अर्धी चड्डी. पण मांजर सोडायला निघाले की इस्त्रीचा शर्ट आणि फुल पँट. मी एकदा विचारलं, "काका, मांजर सोडायला इस्त्री कशाला?"

"परगावी जायचं तर नीट जावं," म्हणाले. "तेवढं मला कळतं."

'तेवढं मला कळतं' हे त्यांचं पालुपद. कोणता नारळ उतरवायला झाला, निवडणुकीत कोण पडणार, माझ्या आमटीत मीठ का जास्त झालं, सगळं त्यांना तेवढं कळायचं. पालघरच्या डॉक्टरांनी त्यांना झाडावर चढायला बंदी केली होती. चार दिवसांनी बघते तर हे माडाच्या शेंड्यावर. मी खालून ओरडले, "काका, डॉक्टर काय म्हणाले?" वरून उत्तर आलं, "डॉक्टर पालघरात, माड केळव्यात. त्याला दिसतंय काय?"

शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्या येतात. मोबाइलमधला नकाशा त्यांना कधीकधी सरळ काकांच्या वाडीत आणून सोडतो. एकदा एक गॉगलवाला पानवेलीपर्यंत गाडी घेऊन आला आणि काच खाली करून विचारायला लागला, बीच इथेच होता ना? काका हातातला कोयता खाली न ठेवता म्हणाले, "दर्या कालपासून हलला नाय. मागं फिरा, सरळ जा." तो कोयत्याकडे बघतच मागे फिरला, आणि फिरताना माझी तुळस आडवी करून गेला. त्यावरून मी काकांशी दोन दिवस भांडले. मी तोंडाळ आहे, हे गावाला ठाऊक आहे. काकांना माझं तोंड चालायचं. ज्या दिवशी मी गप्प असायचे त्या दिवशी ते विचारायचे, "ताप बीप नाय ना?"

मांजर सोडायचे त्यांचे नियम ठरलेले. पोतं बांधून द्यायचं, ते उघडून बघायचे नाहीत. "तोंड बघितलं की जीव अडकतो, मग हात उचलत नाय." स्कूटरवर पायांच्या मधे ठेवायच्या आधी पोतं अंगणात सात वेळा गरगर फिरवायचे, म्हणजे मांजराच्या दिशा चुकतात. वाटेत एक शब्द बोलायचा नाही, कारण आवाज ओळखला की मांजर माघारी येतं म्हणे. दांड्याचा पूल ओलांडून, एडवण, कोरे करत पार दातिवऱ्याला जायचं. तिथे किनाऱ्यावर पोतं ठेवून गाठ सैल करायची आणि मागे न बघता स्कूटरवर बसायचं. परत आले की चहा घ्यायचे आणि "झालं काम" एवढंच म्हणायचे.

अशा माणसाच्या घरात मांजर यावं ही भानूकाकूंची करामत. काकू म्हणजे त्यांची बायको, आवाजाने काकांच्या दुप्पट. एके दिवशी बाजारातून आल्या तर मासळीच्या टोपलीत बोंबलांवर एक तांबडं पिल्लू बसलेलं. काका भडकले. "गावाची मांजरं मी सोडतो नि माझ्याच घरात मांजर? लोक तोंडात शेण घालतील!" काकूंनी त्याचं नाव काशीनाथ ठेवलं. म्हणाल्या, "याला काय केलंत तर कुठं जावं लागंल ते रोज याद राहील."

काकांनी त्याला कधी नावाने हाक मारली नाही. 'हिचा तो' म्हणायचे. हिचा तो दूध प्यायला, हिचा तो पत्र्यावर झोपलाय.

मग बऱ्याच वर्षांनी काकू आजारी पडल्या. शेवटचे चार महिने अंथरुणावरच होत्या आणि काशीनाथ त्यांच्या पायथ्याशी. काका रोज सकाळी त्याला हुसकायचे आणि रोज दुपारी तो तिथेच असायचा. काकू जायच्या आदल्या दिवशी मी त्यांना पेज भरवायला गेले होते. काकूंना धड बोलवत नव्हतं. तरी काकांना जवळ बोलावून म्हणाल्या, "काश्याला सांभाळा. वर आलात की मी पयलं त्याचंच विचारणार."

"विचार," काका म्हणाले. एवढंच. आणि बाहेर जाऊन विहिरीवर बराच वेळ तोंड धूत बसले.

त्यानंतर काका स्वयंपाक शिकले. एक बांगडा आणला की मधला तुकडा काटे काढून काशीनाथला आणि डोकं-शेपटी स्वतःला. त्यांच्या मुलाने बोईसरला फ्लॅट घेतला होता, तो न्यायला आला. काका म्हणाले, "माझं काय, मी कुठंही पडून राहीन. पण तिसऱ्या मजल्यावर हिच्या त्याचं काय व्हणार?" मुलगा चिडून परत गेला. मी कुंपणाच्या अलीकडून सगळं ऐकलं आणि मला हसूच आलं. मांजराच्या नावावर स्वतःचा हट्ट खपवताहेत असं मला वाटलं. तेव्हा मला काडीची अक्कल नव्हती.

आता माझा गुन्हा सांगते.

मी बोईसरच्या एका कारखान्यात बाटल्यांच्या पॅकिंगला आहे. आमच्या औद्योगिक वसाहतीला सुट्टी शुक्रवारी. आठवड्यातला तो एक दिवस मी निवांत मासळी करते. आणि त्याच दिवशी एक चोर बोका यायचा. तांबडा, मस्तवाल, कुठून येतो कोणाला माहीत नाही. कधी दूध, कधी सुकट. एका शुक्रवारी नणंद जेवायला यायची होती आणि त्याने माझी तळलेली मांदेली कढईच्या काठावरून एकूण एक पळवली. त्या दिवशी मी जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही.

पुढच्या शुक्रवारी मी कोंबड्यांचं डालगं काठीवर तिरकं लावलं, खाली मांदेली ठेवली, काठीला दोरी बांधली आणि दोरी धरून दाराआड बसले. अर्ध्या तासात तांबडं अंग आत शिरलं. मी दोरी ओढली. डालगं धप्पकन पडलं. काशीनाथही तांबडाच होता, हे मला काय माहीत नव्हतं? पण रागाला डोळे नसतात माझ्या. आमचे हे म्हणाले सुद्धा, "अगं, एकदा नीट बघ तरी." मी म्हटलं, "तुम्हाला बघायचं असेल तर हात घाला आत." ते कशाला घालतात! डालग्याला पोतं लावलं, ढोसून बोका आत घातला, काथ्याने गाठ मारली आणि काकांना हाक दिली.

काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. पोतं सात वेळा फिरवलं. आतून बोका जीव खाऊन ओरडत होता. काकांनी बोटाने मला गप्प राहायची खूण केली, कारण आता बोलायचं नव्हतं. स्कूटर सुरू झाली आणि ते गेले. दुपारी परत आले, चहा घेतला, "झालं काम" म्हणाले.

शनिवारी संध्याकाळी मी कंपनीच्या बसमधून उतरून घरी आले तर काका कुंपणाशी उभे. "शैला, हिचा तो दिसला काय गं? काल दुपारपासून जेवायला नाय आला."

"येईल हो, बोका आहे, भटकत असेल," म्हणत मी घरात शिरले. स्वयंपाकघरात गॅसच्या ओट्यावर चोर बोका बसला होता. माझ्याकडे बघत दुधाच्या पातेल्याची साय चाटत होता.

डबा हातातून पडला. मी खालीच बसले.

सांगायला मी दोन दिवस घेतले. एरवी माझं तोंड बंद होत नाही आणि तेव्हा उघडेना. रविवारी संध्याकाळी काका ताटली नि चमचा वाजवत आळीभर फिरत होते. "काश्याऽ, ए काश्याऽ!" आळीतली माणसं दारात येऊन बघत होती. काकूंच्या मागे कोणी पहिल्यांदाच त्याला नावाने हाक मारत होतं. मी मोरीत नळ सोडून रडले. सोमवारी बसला निघताना राहवलं नाही, मागे फिरून त्यांच्या दारात गेले आणि सगळं सांगून टाकलं.

मला वाटलं काका शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"गाठ तू मारली व्हतीस?"

"हो."

"घट्ट व्हती. सुटता सुटंना." मग म्हणाले, "सगळा रस्ता वरडत व्हता गं. मी म्हटलं, हा जरा जास्तच वरडतोय. पायाला पोत्यातून डोकं घासत व्हता. त्यानं मला वळखलं व्हतं."

"काका, मला माफ करा."

"पोतं मी नेलंय. तू काय माफी मागतेस? चल, बस मागं."

त्या दिवशी मी कामावर दांडी मारली आणि काकांच्या स्कूटरवर बसून दातिवऱ्याला गेले. किनाऱ्यावर बांबूंवर बोंबील वाळत घातले होते. एक ठसठशीत बाई जवळा पसरत होती. तिचं नाव हिराबाय. काकांनी तिला विचारलं, "बाय, तांबडा बोका दिसला काय? शुक्रवारी मीच हय पोत्यातनं सोडला."

हिराबाय कमरेवर हात ठेवून उठली. "मंजे तुमी! आमी म्हणतो, आमच्याच गावात मांजरां पडतात कुठून? आभाळातून? बोंबील सुकवायचे का तुमच्या मांजरांना पंगत घालायची? थांबा, पोती आणते, सगली घेऊन जा!"

आणखी चार बायका जमल्या. मी एवढी तोंडाळ, पण त्यांच्यापुढे माझा निभाव लागला नसता. काका चपलांकडे बघत उभे होते. "चुकलं बाय," म्हणाले. "हय मासळी असते, उपाशी मरत नायत, म्हणून हय आणायचो." मग त्यांनी काकूंचं सांगितलं. कसं सांगितलं ते मला आठवत नाही, पण हिराबाय हळूहळू खाली बसली आणि तिने पदराने डोळे पुसले.

मग तिने आम्हाला गाव फिरवला. तांबडी मांजरं पाच निघाली. काका प्रत्येकाची शेपटी बघायचे, कारण काशीनाथच्या शेपटीचं टोक दारात सापडून वाकडं झालं होतं. पाचही शेपट्या सरळ. एका ओट्यावर आमच्या समोरच्या नलिनीबाईंची काळी-पांढरी मांजर लोळत होती. ती आपणहून निघून गेली असं बाई आळीत सांगतात. मी काकांना कोपर मारलं, पण त्यांना हसू आलं नाही.

नंतर काका दर शुक्रवारी दातिवऱ्याला जायला लागले. मला सोबत नेईनात. "तुला शुक्रवारी सुट्टी. तो मागं आला तर हय कोणतरी पायजे," म्हणायचे. मी घरी बसून दोन्ही अंगणांवर लक्ष ठेवायचे. गावात थट्टा सुरू झाली. मांजर सोडणाऱ्याचं मांजर हरवलं म्हणून पारावर लोक हसायचे. काका सगळं ऐकून घ्यायचे, दोन्ही कानांनी. मधे एकजण पोतं घेऊन आला, तर म्हणाले, "तोंड उघड." उघडल्यावर ते वाकून आत बघत राहिले. मग म्हणाले, "याला मी नेणार नाय. कोणालाच नेणार नाय." आमच्या आळीतला तो रिवाज तिथे संपला.

काका खंगले. बांगडा आणेनासे झाले, पेजेवर भागवायचे. एकदा मला म्हणाले, "शैला, मरायला मी कधीच घाबरलो नाय. आता घाबरतो. तिला काय सांगू?" मी नुसती भाजीची वाटी ठेवून आले.

सातव्या शुक्रवारी, भर वैशाखाच्या दुपारी, मी अंगणात जवळा उलटत होते. मेंदीच्या कुंपणातून एक तांबडं मांजर आलं. मला वाटलं तोच मेला चोर. मी झाडू उचलला. ते पळालं नाही. नुसता हाडांचा सापळा, एक कान फाटलेला, मागचा पाय लंगडत होता. ते वळलं आणि मला शेपटी दिसली.

झाडू कुठे टाकला ते आठवत नाही. दुधाची वाटी पुढे धरून मी उलट्या पावलांनी त्याला स्वयंपाकघरात नेलं, दारं-खिडक्या लावल्या आणि हिराबायला फोन केला. तिचा नंबर एव्हाना माझ्याकडे होता. ती म्हणाली, "काका हयच हाय, चा पितोय." फोन काकांकडे गेला.

"काका, काशीनाथ आलाय."

तिकडे कप खाली ठेवल्याचा आवाज आला. मग, "शेपटी?"

"वाकडी."

"दार उघडू नको," म्हणाले आणि फोन तसाच चालू ठेवून निघाले. हिराबाय तिकडून ओरडत होती, "काका, चप्पल! चप्पल तरी घाला!"

काका अनवाणी आले. स्वयंपाकघरात पाय टाकला आणि काशीनाथ फिस्सकन अंग फुगवून ओट्याखाली, सिलिंडरच्या मागे जाऊन बसला. काकांनी हात पुढे केला तर त्याने पंजा मारला. हातावर रक्ताची रेघ उठली. मी म्हटलं, "काका, घाबरलाय तो."

"घाबरणारच," म्हणाले. "कोणी नेला, त्याला ठाऊक हाय."

आणि तो गुडघेदुख्या माणूस माझ्या स्वयंपाकघरात फरशीवर मांडी घालून बसला. मी पाट दिला, घेतला नाही. तासभर तसेच होते. मी चहा केला, तो निवून गेला. मधेच ते सिलिंडरकडे तोंड करून बोलायला लागले, मी तिथे आहे हे विसरून. "मला म्हायती नव्हतं रे, तू हायस. आत बघितलंच नाय मी. वरडत व्हतास तरी बघितलं नाय. माझं चुकलं, काश्या. ये रे बाबा. मारायचं तर आणखी मार." मी पदर तोंडात कोंबून पाठ फिरवली. आमचे हे दारातून आत डोकावले आणि तसेच माघारी गेले.

काशीनाथ कधी बाहेर आला ते मला दिसलं नाही. वळून बघते तर वाटीतलं दूध पीत होता. सगळं संपवलं, मिशा चाटल्या, काकांच्या मांडीचा वास घेतला आणि त्यांच्या गुडघ्याला पाठ टेकून खाली बसला. काका हलले नाहीत. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसायला हात उचलायची त्यांना भीती वाटत होती.

खाडी ओलांडून तो कसा आला, सात आठवडे कुठे होता, कोणालाच कळलं नाही. पुढे दोन वर्षं जगला. मधला तुकडा पुन्हा सुरू झाला, आणि चोर बोक्यालाही काका बांगड्याची शेपटी घालायला लागले, त्यामुळे माझी मांदेली वाचली. मग एका थंडीत काशीनाथ झोपेतच गेला. म्हातारा झाला होता. मी कामावरून आल्यावर कळलं, तशीच वाडीत गेले. काकांनी त्याला एका माडाच्या बुंध्याशी पुरलं होतं आणि फावडं टेकवून उभे होते. इस्त्रीचा शर्ट घातला होता.

"नीट झालं ना सगळं?" मी विचारलं.

"नीट झालं. पण एक घोटाळा झालाय." त्यांचा चेहरा खरोखर काळजीचा होता. "तो माझ्या आधी पोचला. पोत्याची गोष्ट आता त्यानंच सांगितली असणार तिला."

"मग तुम्ही दर शुक्रवारी शोधायला जायचात, तेही सांगेल की."

"ते त्याला कुठं ठाऊक? तेव्हा तो हय नव्हता." काकांनी विचार केला. "तुला ठाऊक हाय. तू सांग तिला. माझ्यावर विश्वास ठेवायची नाय ती."

"सांगेन, काका. आल्यावर पहिलं तेच सांगेन."

"पण सावकाश ये," काका म्हणाले. "तोवर मी बोलणी खाईन." आणि फावडं खांद्यावर टाकून ते पाण्याचा पंप बंद करायला गेले.

मला वाडीत दिसलेले काका ते शेवटचे. त्याच आठवड्यात मुलगा त्यांना बोईसरला घेऊन गेला, आणि चार महिन्यांनी ते तिथेच गेले.